सूर्यघड्याळ, धूपघडी की छायायंत्र?

प्रश्न : मी मुलांसाठीच्या विज्ञानाच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात सनडायलवर, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या साधनावर, एक आख्खं प्रकरण आहे. मी सूर्यघड्याळ लिहिलं, एका मैत्रिणीने धूपघडी सुचवलं, दुसरीने सौर घड्याळ, आणि तपासणाऱ्या सरांनी सगळं खोडून छायायंत्र केलं. नक्की काय लिहू? आणि मधल्या त्या तिरक्या पट्टीला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : ताई, सूर्यघड्याळच ठेवा आणि सरांनाही तसं सांगा. बाकीचे शब्द अगदी चूक आहेत असं नाही पण प्रत्येकात काहीतरी खोच आहे आणि ती मुलांना नडेल.

धूपघडी हा हिंदी शब्द. हिंदीत धूप म्हणजे ऊन आणि घडी म्हणजे घड्याळ, त्यामुळे तिकडे तो एकदम चपखल बसतो. आपल्याकडे मात्र धूप म्हटलं की जाळायचा धूप डोळ्यासमोर येतो आणि घडी म्हटलं की कपड्याची घडी. मराठी मूल धूपघडी वाचून धुरावर चालणारं काहीतरी समजेल, आणि खरी अडचण अशी की तसंही घड्याळ होतं, चीनमध्ये आणि जपानमध्ये धूप किती जळला त्यावरून वेळ मोजायची पद्धत होती. म्हणजे मराठीत हा शब्द नुसता परका वाटत नाही तर वाचणाऱ्याला भलत्याच पण खऱ्या वस्तूकडे घेऊन जातो. असा शब्द भाषांतरात सगळ्यात धोक्याचा, कारण वाचणाऱ्याला आपण चुकतोय हे कळतच नाही.

सौर घड्याळ ऐकायला बरं वाटतं पण सौर चूल, सौर दिवा, सौर पंप हे शब्द आता इतके रुळलेत की सौर म्हणजे सूर्याच्या ऊर्जेवर चालणारं हा अर्थ पक्का झालाय. सौर घड्याळ म्हणजे मग उन्हावर चार्ज होणारं मनगटी घड्याळ. सूर्यघड्याळात ना सेल ना चाकं ना चार्जिंग, त्यात काही चालतच नाही, चालते ती फक्त सावली.

छायायंत्र मला स्वतःला आवडतो. यंत्र हा या वस्तूसाठी आपल्याकडचा जुना शब्द आहे, जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेच्या नावातलं जंतर म्हणजे यंत्रच, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या सूर्यघड्याळाचं नावही सम्राट यंत्र असंच आहे. पण छायाचित्र आणि छायाप्रत वाचत वाढलेल्या मुलाला छायायंत्र म्हणजे झेरॉक्सचं मशीन वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. सरांचा मान राखायचा असेल तर पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे "सूर्यघड्याळ म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं यंत्र" असं एक वाक्य टाका, दोन्ही साधतं.

आता सूर्यघड्याळ या शब्दाबद्दल थोडं सांगू दे कारण मला तो फार मोलाचा वाटतो. घड्याळ हा घटिकेच्या कुळातला शब्द आहे. घटिका म्हणजे मुळात छोटा घट, भांडं. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती हळूहळू भरत जाऊन बुडली की २४ मिनिटं झाली, अशा ६० घटका म्हणजे पूर्ण दिवसरात्र. "त्याची घटका भरली", "शेवटच्या घटका मोजतोय" असं आपण म्हणतो ना, ती भरणारी घटका हीच वाटी. तास हा शब्दही फारसीतून आलेला आणि तोही मुळात धातूच्या पसरट भांड्याचाच, मराठीत तर ज्या थाळीवर टोल द्यायचे तिलाही तास म्हणत. म्हणजे सूर्यघड्याळ या एका शब्दात आपण सूर्याला आणि पाण्याच्या वाटीला शेजारी बसवलंय. उन्हात वेळ सांगणारं आणि रात्री किंवा आभाळ भरलेलं असताना वेळ सांगणारं, अशी दोन साधनं माणसाने हजारो वर्षं जोडीने वापरली. अथेन्समध्ये वाऱ्यांचा मनोरा म्हणून अष्टकोनी इमारत आहे तिच्या आठही भिंतींवर सूर्यघड्याळं कोरलेली आहेत आणि आत पाण्याचं घड्याळ होतं. आपल्या शब्दात ती जोडी तशीच टिकून राहिलीये.

मधल्या पट्टीला शंकू म्हणा. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात पाण्याने सपाटी तपासलेल्या जागेवर वर्तुळ काढून मध्ये १२ अंगुळांचा शंकू उभा करायला सांगितलंय, त्याच्या सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला कुठे शिवतं आणि दुपारनंतर कुठे शिवतं त्यावरून पूर्व-पश्चिम काढायची. फक्त एक अडचण आहे, शाळेत शंकू म्हणजे खाली गोल आणि वर टोकदार आकार, जोकराच्या टोपीसारखा, आणि मुलं ती टोपीच डोळ्यासमोर आणतील. म्हणून पुस्तिकेत पहिल्यांदा "शंकू, म्हणजे सावली पाडणारी पट्टी" एवढं लिहा आणि पुढे बिनधास्त शंकू वापरा. काटा मात्र म्हणू नका. काटा फिरतो, शंकू फिरत नाही, या घड्याळाचा काटा म्हणायचाच तर सावलीला म्हणा. ग्रीकमध्ये शंकूला नोमॉन म्हणतात म्हणजे जाणणारा, ओळखणारा, आणि तो शब्द ज्या धातूतून आला त्याच घराण्यातला आपला ज्ञान शब्द आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. जमिनीत रोवलेली एक काडी, आणि तिला जाणणारी म्हणावं असं कुणाला तरी वाटलं.

व्याकरणाचं पटकन सांगतो. सूर्यघड्याळ एकत्र लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. ते सूर्यघड्याळ, ती सूर्यघड्याळं, सूर्यघड्याळावर, सूर्यघड्याळातून. सनडायल बोलताना चालतंय पण त्याचं लिंग प्रत्येकजण वेगळं करतो, कुणी ती म्हणतं कुणी ते, लिहिताना गोंधळ होतो. आणि क्रियापदं सांभाळा : सूर्यघड्याळ मांडतात किंवा बसवतात, त्यावर वेळ वाचतात. ते लावत नाहीत, त्याला चावी देत नाहीत, ते बंद पडत नाही.

प्रश्न : डायल म्हणजे तबकडी, मग सनडायलला सूर्यतबकडी का नाही म्हणत? आणि फोनचं डायल करणं याच्याशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर : संबंध आहे आणि मजेशीर आहे. डायलच्या मुळाशी लॅटिनमधला दिवस या अर्थाचा शब्द आहे, दिएस. इंग्रजीत सुरुवातीला नुसतं डायल म्हटलं तरी सूर्यघड्याळच समजायचे, नंतर यांत्रिक घड्याळांच्या तोंडावरच्या आकडे असलेल्या चकतीला डायल म्हणायला लागले तेव्हा उन्हातल्या डायलला वेगळं ओळखण्यासाठी मागे सन जोडावं लागलं. मग आकडे असलेली कुठलीही गोल चकती डायल झाली, मग टेलिफोनवरची बोट घालून फिरवायची चकती, आणि आता चकती राहिली नाही तरी आपण नंबर डायल करतोच. म्हणजे काचेवर बोट टेकवून फोन लावताना सुद्धा तोंडात दिवस हा शब्द असतो.

म्हणूनच सूर्यतबकडी मला पटत नाही. शब्दाचं शब्दाला भाषांतर झालंय पण तबकडी म्हटलं की मराठी कानाला गाण्याची तबकडी नाहीतर उडती तबकडी ऐकू येते. शिवाय सगळी सूर्यघड्याळं गोल सपाट नसतात, काही भिंतीवर असतात, काही वाटीसारखी खोलगट, काही तर इमारतीएवढी.

याच प्रश्नात आणखी एक धागा आहे. उत्तर गोलार्धात जमिनीवर आडवं मांडलेल्या सूर्यघड्याळात सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि संध्याकाळी पूर्वेला जाते, म्हणजे आज आपण ज्याला घड्याळाच्या काट्यांची दिशा म्हणतो त्याच दिशेने फिरते. यांत्रिक घड्याळं त्याच गोलार्धात घडली म्हणून काटे तसे फिरतात असं सहसा मानलं जातं. दक्षिण गोलार्धात सावली उलटी फिरते. आणि उत्तरेतच दक्षिणाभिमुख भिंतीवर सूर्यघड्याळ काढलं तर तिथेही उलटीच, सकाळ डावीकडे, दुपार खाली, संध्याकाळ उजवीकडे.

प्रश्न : मी फेब्रुवारीच्या मध्यावर जयपूरचं सम्राट यंत्र पाहिलं. मोबाईलमध्ये दुपारचे १२ वाजले होते आणि यंत्रावर ११ वाजून २० मिनिटं सुद्धा झाली नव्हती. एवढं मोठं, एवढं प्रसिद्ध सूर्यघड्याळ ४० मिनिटं मागे? मग त्याला घड्याळ का म्हणायचं?

उत्तर : तुम्ही नीट पाहिलंत आणि आकडा लक्षात ठेवलात, फार छान केलंत. मागे हा शब्द मात्र मागे घ्या. ते यंत्र मागे नव्हतं, ते जयपूरची वेळ सांगत होतं आणि तुमचा मोबाईल भारताची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घड्याळ हा एकच शब्द दोन्हीला लावल्यामुळे आपण एकाकडून दुसऱ्याचं उत्तर मागतो. सूर्यघड्याळ या शब्दाच्या वापरातली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

हिशोब असा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. जयपूर साधारण ७५.८ अंशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे सूर्य जयपूरच्या माथ्याच्या रेषेवर यायला प्रमाणवेळेच्या रेषेपेक्षा जवळजवळ २७ मिनिटं जास्त लागतात. ही २७ मिनिटं वर्षभर तशीच राहतात. उरलेली १४ मिनिटं फेब्रुवारीची. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत दररोज बरोबर २४ तास होत नाहीत, थोडे सेकंद कमी नाहीतर जास्त, आणि ते साठत साठत फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य आपल्या घड्याळांच्या सरासरीपेक्षा १४ मिनिटं उशिरा चालतो. २७ आणि १४ मिळून ४१, तुम्ही पाहिलंत तेवढंच. हेच यंत्र तुम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाहिलं असतं तर फरक जेमतेम १० मिनिटांचा दिसला असता कारण तेव्हा सूर्य सरासरीच्या १६ मिनिटं पुढे असतो. आणि १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास हा दुसरा फरक जवळजवळ शून्य होतो, तेव्हा फक्त रेखांशाचे २७ राहतात.

आता ते यंत्र किती बारीक आहे ते बघा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ते चुना आणि दगडात बांधलं. शंकू म्हणजे सुमारे २७ मीटर उंच तिरकी भिंत, वर जायला पायऱ्या, आणि भिंतीचा चढ जयपूरच्या अक्षांशाएवढा, २७ अंश. म्हणजे भिंतीची कड पृथ्वीच्या आसाला समांतर झाली आणि रात्री त्याच कडेवरून नजर लावली तर समोर ध्रुवतारा. दोन्ही बाजूंना संगमरवरी चाप, म्हणजे कमानीसारख्या वळलेल्या पट्ट्या, सकाळी सावली पश्चिमेच्या चापावर, दुपारनंतर पूर्वेच्या. त्या चापावर सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, मिनिटाला चार बोटांएवढी! नजर रोखून उभं राहिलं तर सावली सरकताना दिसते. आपण रोज ज्या गोष्टीला वेळ जातोय म्हणतो ती तिथे दगडावरून चालत जाते. यंत्रावर २ सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते, त्यामुळे ४० मिनिटांच्या फरकाचं खापर त्याच्यावर फोडू नका.

सूर्यघड्याळ खरंच चुकतं ते वेगळ्या कारणाने, एका जागेसाठी बनवलेलं उचलून दुसरीकडे नेलं की. प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की इसवी सनपूर्व २६३ मध्ये सिसिलीतलं कटानिया शहर जिंकल्यावर रोमनांनी तिथलं सूर्यघड्याळ लुटीत आणलं आणि रोममध्ये चौकात खांबाजवळ बसवलं. रोम चार अंशांहून जास्त उत्तरेला, त्यामुळे रेषा आणि सावली जुळत नव्हत्या, तरी ९९ वर्षं लोक त्यावरच वेळ पाहत राहिले आणि मग कुठे रोमच्या हिशोबाने नवीन बसवलं गेलं. म्हणून सूर्यघड्याळाबद्दल लिहिताना ते कुठलं आहे हे लिहाच. मनगटी घड्याळ कुठलंही कुठेही चालतं, हे नाही.

मी गच्चीत पुठ्ठ्यावर एक करून पाहिलं होतं, विणकामाची सुई शंकू म्हणून. पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळासारखे सारखे भाग पाडले आणि सुई सरळ उभी केली, दुपारी जमल्यासारखं वाटलं, चारनंतर सगळं विस्कटलं. आडव्या पृष्ठभागावर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर येतच नाहीत. जयपूरच्या अक्षांशावर काढल्या तर १२ ते १ मध्ये जेमतेम ७ अंश आणि ५ ते ६ मध्ये ३० अंश. नंतर सुई अक्षांशाएवढी कलती करून तिचं टोक ध्रुवाकडे वळवलं, होकायंत्राची उत्तर नाही हं, खरी उत्तर, आणि रेषा हिशोबाने काढल्या तेव्हा सावली रेषेवर येऊन बसली. त्या दिवशी दुसरी एक गोष्ट दिसली. सुईच्या सावलीला धारदार कड नव्हतीच, मध्ये गडद आणि दोन्हीकडे विरत गेलेली. सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, आणि अर्धा अंश सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटंच त्या पुसट कडेत दिसत होती.

प्रश्न : सूर्यघड्याळ हा शब्द फक्त जुन्या, संग्रहालयातल्या वस्तूंसाठीच वापरायचा का?

उत्तर : अजिबात नाही. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या दोन गाड्यांवर सूर्यघड्याळं होती. कॅमेऱ्याचे रंग जुळवायची चकती लागणारच होती, तिच्या मध्ये छोटा शंकू उभा केला आणि वर कोरलं, दोन जगं एक सूर्य. कॅलिफोर्नियातल्या रेडिंग गावात एक पूल आहे त्याचा कलता खांबच शंकू आहे. इंग्रजीत तर एका रानफुलाला आणि एका जातीच्या शंखांनाही सनडायल नाव आहे, तिथे मात्र मराठीत सूर्यघड्याळ लिहू नका, वाचणारा हरवेल.

उलट आपल्या बोलण्यात सूर्यघड्याळ न म्हणताही ते किती आहे बघा. दुपार म्हणजे दोन प्रहर. उन्हं कलली, सावल्या लांबल्या, दिवस कासराभर वर आला, म्हणजे बैलाच्या दोरीएवढा. ही सगळी वेळ सांगायचीच वाक्यं आहेत, फक्त चकती नाही.

प्रश्न : शून्य सावलीच्या दिवशी दुपारी सूर्यघड्याळ बंद पडतं का?

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, शब्द परत तोच, बंद पडणं! उभी काडी असेल तर त्या क्षणी सावली तिच्या पायात शिरते आणि दाखवायला काही उरत नाही, पण सावली नसणं हेच उत्तर असतं, म्हणजे इथे आत्ता माध्यान्ह आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सावलीची लांबी मोजून दिवसाचा कितवा भाग गेला हे सांगणारं कोष्टक आहे, शंकूच्या आठपट सावली असेल तर दिवसाचा अठरावा भाग गेला असं, आणि त्यातच म्हटलंय की आषाढात माध्यान्ह सावलीशिवाय असतो. हे कर्कवृत्ताच्या आसपासच खरं आहे. त्याच्या दक्षिणेला वर्षातून दोन वेगवेगळ्या दिवशी सावली नाहीशी होते, आणि जयपूर कर्कवृत्ताच्या वर असल्यामुळे तिथे कधीच होत नाही. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवशी, दुपारी १२ अंगुळांच्या शंकूची सावली किती पडते तिला पलभा म्हणतात, हा शब्द पंचांगात अजून आहे, आणि तिचं माप जागेजागेला वेगळं असतं, उज्जैनला साधारण ५ अंगुळं, जयपूरला ६ च्या थोडी वर.

कलत्या शंकूचं सूर्यघड्याळ असेल तर त्या दिवशीही वेळ वाचता येते. साडेअकराला सावली पट्टीच्या पश्चिमेला बारीक रेघेसारखी दिसते, मग ती इतकी बारीक होते की पट्टीखाली जाते, क्षणभर दोन्ही बाजूंना ऊन, आणि मग पूर्वेच्या बाजूने केसाएवढी काळी रेघ बाहेर येते. ती रेघ येताना पाहायची असेल तर डोळे पट्टीच्या पूर्वेच्या कडेजवळ ठेवा, आणि मोबाईलमधल्या बाराची वाट पाहू नका, तुमच्या जागेचा माध्यान्ह कधी आहे ते आधी काढून ठेवा.